कुंपण आणि शेत

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा लाचखाऊ अंमलदार असतो, ठेव गिळंकृत करणारा विश्वस्त असतो, नाहीतर अज्ञान पुतण्याची जमीन बळकावणारा चुलता असतो. वकिलीच्या व्यवसायात ही तिन्ही कुंपणे आम्हांस वारंवार भेटतात. त्यांच्याविषयीचा नीतिप्रश्न फारसा गहन नाही. विश्वासघात तो विश्वासघात. गहन प्रश्न निराळाच आहे. राखणदार प्रामाणिक आहे, त्याच्या मनात लोभाचा लवलेश नाही, चोर खरोखरीच बांधावर आलेला आहे, आणि त्या चोरास हुसकून लावण्याच्या भरात राखणदाराने उभे पीक तुडविले, तर अशा राखणदारास आपण काय म्हणावे? चोर गेला हे खरे. पण ज्यासाठी राखण ठेवली होती तेही गेले.

आमच्या सदलग्यासारख्या दूधगंगेकाठच्या गावी हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. जोंधळा हुरड्यात आला की पाखरे राखावी लागतात, आणि गोफणीचा धोंडा पाखराला लागो न लागो, चार कणसे मोडतोच, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. परंतु या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट रूप आम्हांस शेतात किंवा कोर्टात आढळले नाही. ते आढळले माणसाच्या छातीत. इन्फ्लुएन्झाचा ताप आला असता फुफ्फुसांत शरीराच्या रक्षक पेशी काय करतात, याविषयी गेल्या काही दशकांत पुष्कळ ज्ञान झाले आहे. ते ज्ञान वैद्यकाचे असले तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, आणि काही अंशी आमच्या कायद्याचाही आहे. म्हणून वैद्य नसताही आम्ही या विषयास हात घालीत आहोत.

प्रथम शेताची ओळख करून घेऊ. माणसाच्या दोन फुफ्फुसांत मिळून सरासरीने सुमारे ४८ कोटी वायुकोश असतात. वायुकोशातील हवा आणि त्याला वेढून वाहणारे रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. कारण प्राणवायूला त्यातून क्षणार्धात पलीकडे जावयाचे असते. या नाजूक पडद्यावरून रोज सुमारे १०,००० लिटर हवा येते आणि जाते. तिच्याबरोबर रस्त्याची धूळ येते, गुऱ्हाळाचा धूर येतो, फुलांचे पराग येतात, निपाणीच्या वखारीजवळ राहणाऱ्याच्या छातीत तंबाखूची भुकटी येते. यातले सारेच परके असते. वायुकोशात पहाऱ्यावर असलेल्या महाभक्षी पेशी ही धूळ मुकाट्याने गिळून टाकतात आणि आरडाओरडा करीत नाहीत. रक्षकाचे रोजचे काम लढण्याचे नाही, किरकोळ गोष्टींवरून न लढण्याचे आहे, ही गोष्ट येथेच ध्यानात धरण्यासारखी आहे.

हा संयम त्या पेशींच्या अंगचाच आहे असेही नव्हे. लंडन येथील संशोधकांनी २००८ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, वायुमार्गाच्या अस्तरपेशींवर सीडी-२०० नावाचा एक रेणू असतो आणि तो महाभक्षी पेशीवरील आपल्या जोडीदार रेणूशी संलग्न होऊन तिला आवरून धरतो. ज्या उंदरांत हा रेणू नव्हता त्यांना इन्फ्लुएन्झा झाला तेव्हा दाह अधिक झाला आणि लवकर शमलाही नाही. म्हणजे ज्याचे रक्षण करावयाचे त्याचाच हात रक्षकाच्या खांद्यावर असतो. पुढे विषाणूने अस्तरपेशी मरू लागल्या की तो हातही गळून पडतो.

आता चोराकडे वळू. इन्फ्लुएन्झाचा विषाणू अस्तरपेशीत शिरला की ती पेशी काही तासांतच शेजाऱ्यांस सावध करणारी द्रव्ये सोडते. त्यांतील इंटरफेरॉनचा शोध १९५७ साली लंडन येथे ॲलिक आयझॅक्स व जाँ लिंडेनमान यांनी लावला, आणि तोही इन्फ्लुएन्झाच्याच विषाणूवर काम करीत असताना. या हाकेसरशी रक्तातून न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. त्यांच्यापाशी विषारी रसांची पोतडी असते. ती उघडली की जंतूही मरतो आणि जवळपासचे निरपराध ऊतकही भाजते. मग आणखी महाभक्षी पेशी येतात. त्याच सुमारास काही पेशी विषाणूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिकाग्रंथींत जातात, तेथे टी पेशी तयार होतात, आणि पाच-सात दिवसांनी त्या फुफ्फुसात उतरतात.

या टी पेशींचे काम पाहिले म्हणजे नीतिशास्त्राचा अभ्यासक थबकतो. त्या मोकळ्या विषाणूला मारीत नाहीत. ज्या पेशीत विषाणू शिरला आहे त्या पेशीला मारतात. रोल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १९७४ च्या सुमारास दुसऱ्या एका विषाणूवर केलेल्या प्रयोगांत असे सिद्ध केले की, टी पेशीला विषाणूची खूण एकटी दिसून भागत नाही. ती आपल्या शरीराच्या खुणेबरोबरच दिसावी लागते. या शोधास १९९६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा अर्थ असा की, टी पेशीच्या हातून मरणारी प्रत्येक पेशी ही घरचीच असते. परक्याचा नाश आणि स्वकीयाचा नाश या दोन क्रिया येथे वेगळ्या करताच येत नाहीत. रक्षणासाठी घरच्यांपैकी किती गमवावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे उत्तर स्थळावर अवलंबून असते. बोटाला काटा लागून बोट सुजले तर चार दिवस ठणकते आणि बरे होते. तीच सूज वायुकोशात आली तर पातळ पडदा झिरपू लागतो, हवेच्या जागी पाणी भरते, आणि रोगी कोरड्या अंथरुणावर बुडतो. सैनिक तेच, शस्त्र तेच, हेतू तोच. रणभूमी बदलली की त्याच कृत्याचे फळ बदलते. एखादे कृत्य धर्म्य की अधर्म्य हे ते कोठे केले यावरही ठरते, हे आपल्या पूर्वजांनी देश, काल आणि पात्र या त्रयीत सांगून ठेवलेच आहे.

१९१८ साली आपल्या लोकांनी ज्या रोगास मानमोडी म्हटले तो हाच. जूनमध्ये तो मुंबईच्या गोदीवर पहारा करणाऱ्या पोलिसांत प्रथम दिसला. पावसाळ्याच्या अखेरीस दुसऱ्यांदा आला तो फार क्रूर होऊन आला. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, आणि त्या इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. साऱ्या हिंदुस्थानचा अंदाज सव्वा कोटीपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत केला जातो. या साथीची विलक्षण गोष्ट अशी की, एरवी इन्फ्लुएन्झा म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना गाठतो. या खेपेस वीस ते चाळीस वर्षांची धट्टीकट्टी माणसेही मोठ्या संख्येने गेली. तरुणांची प्रतिकारशक्ती जोरदार, म्हणून त्यांच्या फुफ्फुसांची हानीही जोरदार, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्यास काही आधारही आहे: १९१८ चा विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा घडवून २००७ साली माकडांवर प्रयोग झाला, तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांतील प्रतिकार बेताल झालेला आढळला.

परंतु वकिलाने एकाच साक्षीदारावर निकाल मागू नये. १९१८-१९ मध्ये मेलेल्यांच्या जतन केलेल्या फुफ्फुसांची तपासणी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, बहुतेकांचा अंत विषाणूमागून शिरलेल्या जंतूंच्या न्यूमोनियाने झाला असावा. शिवाय मुंबई शहरात तथाकथित खालच्या जातींच्या हिंदूंत दर हजारी सुमारे ६१ माणसे मेली आणि युरोपियनांत नऊहून कमी, हा फरक कोणत्याही पेशीच्या स्वभावाने समजावून सांगता येत नाही. तो अंधाऱ्या चाळींचा, अपुऱ्या अन्नाचा आणि त्या वर्षी पाऊस फसल्याने महाग झालेल्या धान्याचा फरक होता. म्हणून मानमोडीचे सारे पाप रक्षक पेशींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. त्यांच्याकडून अतिरेक घडू शकतो, आणि तो प्राणघातक ठरू शकतो, एवढेच आम्ही सिद्ध धरतो.

आता कायद्याकडे येऊ. १८६० च्या भारतीय दंड संहितेने प्रत्येकास स्वत:च्या व दुसऱ्याच्या देहाचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा अधिकार दिला, आणि ९९ व्या कलमात त्याला मर्यादा घातली: रक्षणासाठी जेवढी इजा करणे आवश्यक असेल तिच्याहून अधिक करता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तीत हाच नियम ३७ व्या कलमात आहे. ही मर्यादा सांगताना न्यायालये निष्ठुर झालेली नाहीत. १९५० साली कटनी येथे झालेल्या दंग्यात एका दुकानदाराच्या दारावर जमाव काठ्या हाणू लागला, तेव्हा त्याने बंदूक झाडली आणि एक माणूस मेला. १९५२ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्यास निर्दोष ठरविताना म्हटले की, अशा प्रसंगी माणसाच्या कृतीचे माप सोन्याच्या काट्यावर घेता येत नाही. उलट १९६२ साली, शेताच्या ताब्यावरून पंजाबात झालेल्या हाणामारीच्या खटल्यात, न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दुसरी बाजू स्पष्ट केली: धोका चालू आहे तोवर अधिकार आहे, चाल करून आलेले पळू लागले, भय संपले, की अधिकारही संपला. पळणाऱ्यांवर झाडलेल्या गोळ्यांना या अधिकाराचे छत्र मिळाले नाही.

या दोन निर्णयांच्या मध्ये एक अरुंद जागा आहे, आणि आमच्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म तेथे आहे. ज्याने सद्‌भावनेने, पूर्वविचार न करता आणि जरुरीपेक्षा अधिक इजा करण्याचा हेतू न ठेवता रक्षणाची मर्यादा ओलांडली आणि माणूस मारला, त्यास कायदा खुनी म्हणत नाही. परंतु तो त्यास निर्दोष म्हणूनही सोडीत नाही. त्याचा गुन्हा खुनाहून हलका, तरी मनुष्यवधाचाच. हेतू शुद्ध असल्याने दोष कमी झाला, पण मेलेला माणूस मेलेलाच राहिला, याची दखल कायद्याने अशा रीतीने घेतली आहे.

येथे सुज्ञ वाचक हरकत घेईल की, पेशीला हेतू नसतो, तिला सद्‌भावनाही नसते. मग तिच्यावरून नीती काढणे हा विचारदोष नव्हे काय? हरकत रास्त आहे. निसर्गात जे घडते ते घडावे असेच आहे, असे मानणाऱ्यांनी जगाचे पुष्कळ अकल्याण केले आहे. विशेषत: समाज हे शरीर आणि परका माणूस हा जंतू, ही उपमा ज्यांनी वापरली त्यांनी तिच्या आधाराने माणसे मारली. आम्ही सीमेवर राहतो. आमच्या एकाच गल्लीत मराठी आणि कानडी बोलली जाते, कित्येक घरांत सासूची भाषा एक आणि सुनेची दुसरी असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा प्रांत बदलला, पण शेजारी बदलले नाहीत. शेजाऱ्यास विषाणू ठरविणारी उपमा आम्ही कदापि स्वीकारणार नाही. फुफ्फुसाकडे आम्ही आज्ञा मागण्यासाठी जात नाही. जो भेद माणसांच्या व्यवहारात हेतूंच्या गर्दीमुळे झाकला जातो, तो तेथे उघडा दिसतो म्हणून जातो. माणसाच्या हातून हानी झाली की आपण ताबडतोब त्याचा हेतू शोधू लागतो, आणि हेतू चांगला निघाला की हानीचा हिशेब तेथेच मिटवितो. पेशीला हेतूच नसल्याने तिच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे. हानी किती झाली, हेच पाहावे लागते.

आणि शरीर ते पाहते, हेच नवल आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २००९ साली उंदरांत असे पाहिले की, इन्फ्लुएन्झाने ग्रस्त फुफ्फुसात उतरलेल्या टी पेशी, ज्या मारण्याचे काम करतात त्याच, इंटरल्यूकिन-१० नावाचे शामक द्रव्यही मोठ्या प्रमाणात सोडतात. त्या द्रव्याचे कार्य रोखले तेव्हा, एरवी जगले असते असे उंदीर दाहाने मेले. ज्याच्या हातात तलवार त्याच्याच हातात म्यान, अशी ही योजना आहे. याखेरीज इतर पेशींना आवरणाऱ्या खास नियामक टी पेशी असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या ओळखून दाखविल्या, आणि २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना व अमेरिकेच्या मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना या क्षेत्रातील कार्याबद्दल मिळाले. कायद्याचा न्यायाधीश घटनेनंतर वर्ष-दोन वर्षांनी खुर्चीवर बसतो. शरीराने आपला न्यायाधीश लढाईच्या मैदानातच, लढणाऱ्यांच्या रांगेत उभा केला आहे. नंतरचा निवाडा मृतास उपयोगी पडत नाही, आणि फुफ्फुसाला अपील नाही.

परंतु संयमाची स्तुती करतानाही माप सोडता कामा नये. इन्फ्लुएन्झाचा जोर ओसरत असता फुफ्फुसातील पहारा काही काळ ढिला पडतो, आणि नेमके त्याच वेळी न्यूमोनियाचे जंतू आत शिरतात. १९१८ साली बहुतेकांचा घात बहुधा येथेच झाला. औषधांचा अनुभवही हेच सांगतो. २०२० साली इंग्लंडातील मोठ्या चाचणीत, कोविडच्या ज्या रुग्णांना कृत्रिम श्वासयंत्र लावावे लागले होते त्यांच्यातील मृत्यू डेक्सामेथासोन या दाहशामक औषधाने सुमारे एकतृतीयांशाने घटले. पण ज्यांना प्राणवायूची गरजच लागली नव्हती त्यांना त्याचा लाभ झाला नाही. इन्फ्लुएन्झाचे तर आणखी निराळे. २००९ च्या साथीत, जिचा भारतातील पहिला बळी ३ ऑगस्ट रोजी पुण्यात गेला, जगभर अनेक गंभीर रुग्णांना अशी औषधे दिली गेली. नंतरच्या पाहण्यांत ती घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी न दिसता बहुधा अधिकच दिसले. अधिक आजारी असणाऱ्यांनाच ती दिली गेली असतील, हे गृहीत धरले तरी त्यांचा सरसकट वापर करावा असे म्हणण्यास आधार उरत नाही. राखणदाराचा हात धरावा लागतो. पण चोर अजून शेतात असताना त्याला घरी पाठवून चालत नाही.

ज्या सदलग्याविषयी आम्ही लिहीत आहोत, तेथे १० ऑक्टोबर १९४६ रोजी जैन आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म झाला. २०२४ साली छत्तीसगडातील डोंगरगड येथे त्यांनी देह ठेवला. अहिंसा हा शब्द या गावात पुस्तकातून आलेला नाही, तो रोजच्या ताटातून आणि पाण्याच्या गाळणीतून आलेला आहे. त्या परंपरेने हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा गृहस्थाने टाकलीच पाहिजे. आक्रमकाचा प्रतिकार करताना घडणारी विरोधी हिंसा मात्र त्याला पूर्णपणे टाळता येत नाही, हे त्या कठोर शास्त्रानेही मान्य केले. तथापि तिचे नाव त्याने बदलले नाही. ती अटळ असली तरी हिंसाच राहिली. तिला पुण्याच्या खात्यावर चढविले गेले नाही. दंडसंहितेचा तो अपवाद आणि श्रावकाचा हा आचार, यांची भाषा निराळी असली तरी दोन्ही ठिकाणी हिशेब उघडाच ठेवला आहे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. रक्षण करणारा, मग तो मुलांना धाकात ठेवणारा बाप असो, गावाची अब्रू राखणारा पंच असो, भाषेचा कैवारी असो वा सरकारचा शिपाई असो, आपल्या शुद्ध हेतूकडे बोट दाखवून मोकळा होऊ पाहतो. त्याचा हेतू शुद्ध असेल. आम्ही त्याला खुनी म्हणणार नाही. पण ज्याच्या नावाने तो लढला त्याचे काय झाले, हे त्याने सांगितले पाहिजे. मुलगा निर्भय झाला की मुका झाला? भाषा वाढली की तिच्या नावाने दोन शेजारी बोलेनासे झाले? ज्वर उतरल्यावर वैद्य विषाणू मेला की नाही एवढेच विचारीत नाही. तो छातीला नळी लावून श्वास ऐकतो. समाजाच्या प्रत्येक राखणदाराची परीक्षा याच रीतीने झाली पाहिजे, आणि ती लढाई चालू असतानाच झाली पाहिजे.